खरंच मारून राहिला

संघपाल पारशिवनीहून एम.ए. करायला नागपूरला आला आणि भाड्याच्या खोलीत, मोबाइलच्या स्टँडपुढेच त्याचं विद्यापीठ भरू लागलं. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याच्या रील तो करायचा. 'वाचवा गा, मले मारून राहिली' असा गळा काढला की चाळीस हजार लोक खूश. भिंतीपलीकडे कोण राहतं, हे मात्र या दीडशहाण्याला ठाऊक नव्हतं. खोलीवर येणारा माणूस एकच, वर्गातला भूपेश.

भूपेशला आवडणाऱ्या काजलनं त्याला नाही म्हटलं तेव्हा तो संघपालपाशी बसून रडला. संघपालनं ते रडणं गुपचूप टिपलं, त्यावर ढोलकीचं संगीत चढवलं आणि रील म्हणून टाकलं. कँटीनमध्ये पोरं भूपेशकडे बघून खोटे हुंदके देऊ लागली.

भरदुपारी भूपेश बॅट घेऊन आला. दार आतून लोटून घेतलं. संघपाल लाइव्हच होता.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा अडवायला हात वर केला, तर मनगटच मोडलं. पुढच्या फटक्यात ओठ फाटून दात फरशीवर पडले.

"वाचवा गा, हा खरंच मारून राहिला."

स्क्रीनवर हसऱ्या तोंडांचा पूर आला. 'भाऊ, आज ॲक्टिंग एकदम कडक.' अरे, रक्त दिसत नाही का तुम्हाला? संघपाल दाराकडे रांगू लागला. भूपेशनं पाय धरून त्याला मागे ओढलं आणि बरगड्यांवर बॅट घातली.

शेजारच्या खोलीत धम्मानंद तेच लाइव्ह बघून हसत होता. प्रत्येक धप्प आधी भिंतीतून येत होती, मग मोबाइलमधून. हे ध्यानात आलं तसा तो उठून शेजारच्या दाराकडे धावला.

त्यानं लाथ मारून दार उघडलं, भूपेशला भिंतीवर आदळलं, बॅट हिसकावली. संघपालच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. धम्मानंदनं रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून पेशंटचं नाव विचारलं. रोज बघायचा त्याला, पण खरं नाव कुठे माहीत होतं.

"नाव काय गा याचं?" त्यानं भूपेशला विचारलं.

भूपेश भिंतीला टेकून खाली बसला.

"संघपाल. बापाचं नाव आनंदराव. रक्त बी पॉझिटिव्ह." त्यानं शर्टानं नाक पुसलं. "अन् त्याले पेनिसिलीन चालत नाही, तेवढं सांगून दे."