गैरहजेरीचे कारण

सकाळचे आठ वाजले की धामणखेडच्या घाटावर रोजचा गलबला सुरू होई. पूर्णा नदीच्या अल्याड धामणखेड आणि पल्याड बाजाराचं गाव. हायस्कूल पल्याड, दवाखाना पल्याड, मलकापूरला जाणारी मोटारही पल्याडच. अल्याड काय, तर देऊळ आणि पंचायतीचा रेडिओ. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत नदी पायी ओलांडता येत नसे. म्हणून आधीच्या वर्षी, म्हणजे १९६३ साली, सरकारी पैशातून गावाला नवी नाव मिळाली. पंचवीस माणसं बसतील अशी ऐसपैस, आणि बाजूला पांढऱ्या रंगात 'सार्वजनिक उपयोगासाठी' असं लिहिलेलं. नाव चालवणाऱ्या पुंजाजी भोयाला पगारही सरकारच देई.

पुंजाजी मात्र नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारी.

"अडचण तं नाही ना व बाई?"

चारचौघांत, मोठ्यानं. बायका मान खाली घालून 'नाही' म्हणत आणि पदर सावरून बसत. जिची मासिक पाळी चालू असेल ती घाटावर येतच नसे. पुरुषांना पुंजाजी काही विचारत नसे. दारू पिऊन आलेल्यालाही हात धरून आत घेई.

हा प्रश्न कुठून आला, तेही सांगितलं पाहिजे. नाव आली त्याच आठवड्यात सरपंच पंजाबरावांनी तिच्या पुढच्या टोकाला एक शेंदूर फासलेला धोंडा बसवला. ही पूर्णामाय, म्हणाले. नारळ फुटला, आरती झाली. हेतू सरळ होता. नाव देवीची झाली की बौद्धवाड्यातल्या माणसांना 'तुम्ही नंतर या' म्हणायला बरं. पण बौद्धवाड्यातली माणसं आता ऐकून घेणारी राहिली नव्हती. श्रावणातल्या एका सकाळी भिमाबाई आणि आणखी पाच जण सरळ नावेत जाऊन बसले. अर्धी नाव रागानं खाली उतरली. दुसऱ्या दिवशी ठाण्याचा जमादार आला, त्यानं अस्पृश्यताबंदीचा कायदा वाचून दाखवला आणि सरपंचांनी मुकाट्यानं ऐकला.

धोंडा मात्र जागचा हलला नाही. बौद्धांना अडवता येईना, तेव्हा देवीचं सोवळं गावाच्या लेकीसुनांवर लागू झालं. बायकांच्या या गोष्टीसाठी कायदा नव्हता, जमादारही येणार नव्हता. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी वर एक अर्ज धाडला. तीन महिन्यांनी एक साहेब आले, सरपंचांच्या ओट्यावर चहा प्याले, 'लोकभावनेचा प्रश्न आहे' म्हणाले आणि गेले. जून महिन्यात आठ मुली या नावेतून हायस्कूलला जात होत्या. दर महिन्याला चार दिवस घरी, आणि कोण कधी घरी आहे हे गावातल्या टवाळ पोरांना पाठ. दसऱ्यापर्यंत आठातल्या तीन उरल्या. पुष्पा नावाची एक मुलगी 'नाही' असं खोटं बोलून चढली आणि पकडली गेली. साऱ्या गावानं नाव गोमूत्रानं धुतली. पुष्पा त्यानंतर शाळेतच काय, विहिरीवरही दिसली नाही. हे सगळं लिहिताना माझा संताप होतो, तो मी लपवत नाही.

उरलेल्या तिघींत एक कोकिळा होती. निवृत्ती आणि वच्छलाबाईची थोरली लेक, नववीत शिकणारी. गणितात हुशार, इतकी की सोसायटीचा सेक्रेटरी आपला अडलेला हिशेब तिच्याकडून सोडवून घेई. पण निवृत्तीनं अट घातली होती. सहामाही परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाली तर शाळा पुढे, एकातही घसरली तर बंद. सोनाळ्याचे पाहुणे दिवाळीनंतर मुलगी बघायला यायचेच होते.

सहामाही सोमवारी सुरू व्हायची होती, पहिला पेपर गणिताचा. रविवारी दुपारी कोकिळा गोठ्यालगतच्या पडवीत घोंगडं टाकून बसली. तिचं ताट वेगळं झालं, पाण्याचा तांब्या वेगळा झाला. वच्छलाबाईनं एकटीनंच विहिरीवरून चार खेपा केल्या आणि तेवढ्यावरून विहिरीवरच्या सगळ्या बायकांना कळायचं ते कळलं.

"माय, उद्या पेपर हाय," कोकिळा पडवीतून म्हणाली.

"माह्या ध्यानात हाय." वच्छलाबाईनं भाकर थापता थापता नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी पंचायतीत बसता. सरपंचाले एक शब्द टाका ना."

निवृत्ती बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होता. "बायकायच्या गोष्टी मी पंचायतीत काढू का? लोक हासतीन."

"मंग मी जातो," वच्छलाबाई म्हणाली, आणि पिठाचे हात धुऊन खरंच निघाली.

पंजाबराव ओट्यावर रेडिओ ऐकत बसले होते. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, बायकोला पाणी आणायला सांगितलं, सगळं रीतीनं केलं. वाईट माणूस वाईट वागला तर भांडता तरी येतं. हे गोड बोलत होते.

"वच्छलाबाई, मी का दुश्मन हाओ काय तुमचा? कोकिळा माह्या पोरीसारखी. पन उद्या मायचा कोप झाला, नाव उलटली, तं पंचवीस जनायचा जबाबदार कोन?"

"एवढ्या वर्सात बाया नदीतून पोहून गेल्या, डोंग्यातून गेल्या भाऊ. तवा नाही कोपली ते?"

"तवा तिची स्थापना नव्हती झाली. अन् चारच दिवस तं हायेत."

"पेपर बी चारच दिवसाचे हायेत."

पंजाबरावांनी हसून हात जोडले. "गावाची रीत हाय बाई. माह्या एकट्याच्या हातात का आहे?" आणि रेडिओचा आवाज पुन्हा वाढवला.

सोमवारी कोकिळानं नदीकाठी आंघोळ केली, शाळेचा निळा परकर नेसली आणि दप्तर घेऊन घाटावर आली. मागून वच्छलाबाई आली, तिला परत न्यायला की सोडायला हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. नाव भरत आली होती. निवृत्ती आत बसलेला होता. हरभऱ्याचं बियाणं आणायला त्याला सोसायटीत जायचं होतं. शेजारच्या फळीवर भिमाबाई विळा घेऊन बसली होती, पल्याडच्या शेतात मजुरीला निघालेली.

पुंजाजीनं कोकिळाला पाहिलं. त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं पाण्याकडे बघत विचारलं, "अडचण तं नाही ना व पोरी?"

'नाही' म्हटलं असतं तर कुणी तिला तोंडावर खोटं पाडलं असतं असं नाही. पण कोकिळाला पुष्पा आठवली आणि ती गोमूत्राची बादली आठवली.

"हाव, आहे," ती म्हणाली. "आज दुसरा दिवस. माहा अकरा वाजता पेपर हाय, मले जाऊ द्या."

घाटावर असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. पुरुष नदीकडे बघू लागले. पंजाबराव तिथं नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. एक म्हातारा ओरडला, "लाज नाही वाटत पोट्टीले! उतरवा तिले!" अजून तर ती चढलीही नव्हती.

"मी का करू माय," पुंजाजी हळूच म्हणाला. "माही नोकरी जाईन."

कोकिळानं नावेतल्या आपल्या बापाकडे पाहिलं. निवृत्तीनं बियाण्याचं रिकामं पोतं मांडीवर घेतलं, त्याची घडी केली, पुन्हा उलगडली. तो उठला नाही. पुंजाजीनं बांबू पाण्यात रोवला आणि नाव हलली.

"थांब बे!" भिमाबाईनं विळा कमरेला खोचला आणि गुडघाभर पाण्यात उडी घेतली. नाव तिच्याशिवाय पुढे गेली.

ती ओल्या लुगड्यानं काठावर आली तेव्हा कोकिळा वाळूत बसून रडत होती. वच्छलाबाई म्हणाली, "तुमी काहाले उतरल्या भिमाबाई? तुमचा रोज बुडला."

"बुडू द्या." भिमाबाईनं लुगडं पिळलं. "वच्छलाबाई, मांगच्या श्रावनात मी या नावेत चढली, तवा तुमी उतरल्या होत्या. याद आहे?"

वच्छलाबाईला याद होती. ती पहिल्या तिघींतच उतरली होती, नाकाला पदर लावून.

"मले तवा लय राग आला होता. अजून बी आहे," भिमाबाई म्हणाली. "तो धोंडा आमच्यासाठी बसवला होता, बाई. तुमी त्याले हात जोडले. आता तो तुमच्या पोरीले उतरवून राह्यला. पन पोरीचा का गुन्हा?"

तिघी तिथंच वाळूत बसून राहिल्या. अकराला पल्याड शाळेची घंटा वाजली. वाऱ्याची दिशा बरोबर असली की ती अल्याड ऐकू येते. कोकिळा डोळे पुसून म्हणाली, "माय, पयलं गनित बीजगनिताचं राह्यते. मले येत होतं."

त्या दिवशी वच्छलाबाई घरी गेलीच नाही म्हणा ना. विहिरीवर गेली, गिरणीवर गेली, शेंगा फोडायला बसलेल्या बायकांत गेली. काय बोलली ते कुणा पुरुषाला कळलं नाही. विचारायची त्यांना सवयही नव्हती. संध्याकाळी ती बौद्धवाड्यात भिमाबाईच्या दारी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाणी मागून प्याली.

मंगळवारी घाटावर बायका जास्त होत्या. पंजाबरावही होते. मलकापूरला कापसाच्या व्यापाऱ्याकडे निघालेले, पांढरंशुभ्र धोतर, नावेत पुढच्या फळीवर बसलेले. पहिली पाय ठेवायला आली ती झुंबरबाई. सत्तरी ओलांडलेली, एकही दात नसलेली. तिला विचारायचं म्हणजे पुंजाजीलाच ओशाळं वाटलं, तरी तोंडातून सवयीनं गेलं.

"अडचण तं नाही ना बुढे?"

"हाव, आहे," झुंबरबाई म्हणाली.

पुंजाजीच्या हातातला बांबू घसरला. "आजी, तुले?"

"काऊन? मले विचारलं, मी सांगतलं. सर तिकडे." आणि ती पंजाबरावांच्या शेजारी जाऊन बसली.

मागून मंजुळाबाई आली. "मले बी आहे." मग गोजरबाई. मग तिची पाच महिन्यांची पोटुशी सून, पदराआड हसू दाबत. "मले बी." भिमाबाई आणि तिच्या सोबतच्या चौघी. मग पुष्पाची आई, तिच्या मागे पुष्पा स्वतः. पुष्पानं आवाज चढवून सांगितलं. शेवटी वच्छलाबाई आणि कोकिळा. वच्छलाबाई भिमाबाईला खेटून बसली.

पंजाबराव उठून उभे राहिले. "पुंजाजी! सगळ्यायले उतरव!"

"कसं उतरवू भाऊ? कोन खरी, कोन खोटी, मी काय तपासू का?" पुंजाजी म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसला. "मी हा सवाल आता कोनाले इचारत नाही. मले पगार नाव चालवाचा आहे."

पंजाबराव एकटेच उतरले. पुरुषांपैकी दुसरं कुणी उतरलं नाही, कारण मोटार साडेनऊला सुटते. निवृत्ती मागच्या फळीवर होता. तोही नावेसोबत पल्याड गेला.

पण गणिताचा पेपर होऊन गेला होता. कोकिळा इंग्रजीच्या पेपरला वर्गात गेली आणि निवृत्ती टोपी हातात घेऊन हेडमास्तरांपुढे उभा राहिला. हेडमास्तर भले गृहस्थ होते. म्हणाले, पुन्हा पेपर घेणं नियमात बसत नाही. पण गैरहजेरीचा अर्ज द्या, वार्षिकच्या वेळी विचार करू.

"कारण ताप लिहा," ते म्हणाले. "सगळे पालक तेच लिहितात. फाईल आहे माझ्याकडे, सगळ्या मुलींना दर महिन्याला ताप."

निवृत्ती चौथी शिकलेला. त्यानं टाक घेतला आणि दौतीत बुडवला. ज्या शब्दाचा त्यानं घरात कधी उच्चार केला नव्हता तो इथे लिहायचा त्याला धीर होईना.

"लिहा, ताप," हेडमास्तर पुन्हा म्हणाले.

"नाही गुरुजी. पोरगी धडधाकट होती." त्यानं कागद स्वतःकडे ओढला आणि मोठमोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'माझी मुलगी कोकिळा पेपरासाठी घाटावर वेळेवर हजर होती. आम्ही तिला नावेत बसू दिले नाही. मी स्वतः नावेत बसलो होतो व उठलो नाही.'

त्याखाली त्यानं सही केली आणि कागद हेडमास्तरांच्या हातात दिला.