डेअरीमागं पडलेला हापसा

मी हापसा बोलतोय. बोलका मी कधीच नव्हतो. दांडा खाली गेला की कुई, वर आला की कुई, एवढंच मला येत होतं. आता तेही राहिलं नाही. दूध डेअरीच्या मागच्या भिंतीशी मला आडवं टाकलंय, अंगावर गंज चढलाय आणि आज-उद्या भंगारचा टेम्पो येणार असं बाहेर बोलणं चाललंय. जायच्या आधी सिंधुबाईचं सांगून टाकतो. माझं आयुष्य म्हणजे बरंचसं तिचंच आयुष्य.

मांजरसुंब्याच्या चौकातून एक आडरस्ता फुटतो, त्यावर आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानं विहिरींचा भरवसा मोडला. त्यानंतर काही वर्षांनी बोअर पाडायची गाडी आली. सरपंच अर्जुनरावांच्या मनात होतं, हापसा मारुतीच्या पारापुढं बसावा. तिथं गाडीनं खोल भोक पाडलं. नुसता पांढरा भुगा उडाला. चावडीपुढं पाडलं, तिथंही तेच. शेवटी गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी, एका बाभळीखाली पाण्याचा फवारा उडाला. सगळ्या गावासमोर उडाला, त्यामुळं कुणाला काही म्हणता येईना. अर्जुनरावांनी तोंडावरचा चिखल रुमालानं पुसला आणि म्हणाले, "लागलं न्हवं? मग बसवा तितंच."

असा मी तिथं उभा राहिलो.

सिंधुबाई तेव्हा वस्तीत नुकती नांदायला आलेली. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पहिली घागर बहुतेक तिचीच असायची. पहिले काही महिने वस्तीतल्याच बाया यायच्या, कारण गावाला त्यांची विहीर होती. मग उन्हाळ्यात त्या विहिरीचा तळ दिसला आणि गावातल्या बाया माझ्याकडं येऊ लागल्या. त्यांच्यात अर्जुनरावांची धाकटी सून मनकर्णा होती, सिंधुबाईच्याच वयाची. ती लांब उभी राहायची. सिंधुबाईची घागर भरली की पुढं यायची, राखेनं माझा दांडा आणि तोंड घासून धुवायची, मग स्वतःची घागर लावायची. सासूनं तसं बजावलेलं होतं. सिंधुबाई काखेत घागर धरून बघत राहायची.

"धू बाई, चांगला धू," एकदा ती म्हणाली. "आमी कवा धुवावं याला? आयतंच काम व्हतंय."

मनकर्णाला हसू आलं, ते तिनं पदराआड लपवलं. धुणं काही थांबलं नाही. ते थांबलं मनकर्णाला दिवस गेल्यावर. पोट पुढं आलेलं, दांडा दाबताना तिला धाप लागायची. एका सकाळी सिंधुबाईनं तिच्या हातातून दांडा ओढून घेतला.

"सर तिकडं. लेकरू हितंच काढतीस का काय?"

तिनं घागर हापसून भरली, उचलून मनकर्णाच्या डोक्यावर दिली. मनकर्णा ती तशीच घेऊन घरी गेली. त्यानंतर तिनं कधी राख आणली नाही. पुढं तिला मुलगा झाला, त्याचं नाव मोहन.

माझ्या ओट्यावर गावाचा सगळा कारभार निघायचा, आणि सिंधुबाईचं प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. रस्ता डांबरी झाला तेव्हा ती म्हणाली, "खडी व्हती तवा यष्टी येत व्हती. आता रस्ता गुळगुळीत झाला, तर यष्टी कुटं घसरून गेली?" दवाखान्याच्या बाईबद्दल म्हणायची, "बाई लई गुणाची हाय, पर दवाखान्याला कुलूप आन् बाई बीडला." वस्तीतल्या खांबावरचा दिवा भर दुपारी जळत असायचा. त्याच्याकडं बोट करून म्हणायची, "असू द्या. सूर्याला उजेड कमी पडतोय." हेच सगळं ती ग्रामसभेतही उभं राहून बोलायची. माणसं हसायची. पण पुढच्या आठवड्यात खांबाला बटण बसलं. मला तिचा फार अभिमान वाटायचा. माणसं रोज कुरकुरतात. ती जिथं कुरकुरायला पाहिजे तिथं जाऊन कुरकुरत होती.

गावात दूध संस्था निघाली. दूध न्यायची जीप माझ्यापुढच्या रस्त्यापर्यंतच यायची, म्हणून दूधही तिथंच मोजून घ्यायचे. कारभारी नावाचा माणूस माप धरायचा. सिंधुबाईनं म्हैस घेतलेली. पहिल्याच दिवशी कारभारीनं तिच्या दुधासाठी एक वेगळा, चेपलेला कॅन पुढं केला.

"कावून?" सिंधुबाईनं विचारलं.

"वस्तीचं दूध येगळं ठिवायचं. वरून सांगितलंय."

"वरून म्हंजी कुटून? आभाळातून का?"

कारभारी मान वर करेना. मनकर्णा रांगेत मागं उभी होती, हातात दुधाची बादली. ती पुढं आली आणि तिनं आपलं सगळं दूध सिंधुबाईच्या त्या चेपलेल्या कॅनमध्ये ओतलं. "आता निवड," ती कारभारीला म्हणाली. "माजं येगळं कर आन् तिचं येगळं कर. मी थांबते."

सरपंचाची सून ती. कारभारीनं मुकाट्यानं तो कॅन जीपमध्ये चढवला. तोच कॅन, बाकीच्या कॅनांच्या रांगेत. त्या दिवशी घरी मनकर्णाला काय ऐकावं लागलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. सिंधुबाईनं तिची घागर आधी भरून दिली.

यातूनच पुढं बायांची वेगळी दूध संस्था उभी राहिली. पहिली बैठक माझ्याच ओट्यावर झाली. मनकर्णा अध्यक्ष, सिंधुबाई उपाध्यक्ष. रस्त्यापलीकडं पत्र्याची खोली होती, तिची पुढं पक्की डेअरी झाली. मग दूध थंड ठेवायचा कूलर आला. ती वर्षं चांगली गेली. वस्तीतल्या पोरी अंबाजोगाईला शिकायला गेल्या, त्यातली एक सिंधुबाईची. दोघींचे केस माझ्यासमोर पांढरे झाले. मनकर्णा आता घरच्या नळाचं पाणी भरायची, तरी सकाळी डेअरीत जाताना माझ्या ओट्यावर बसून जायची. "सिंधे, आज काय बिगडलंय गावात?" ती विचारायची, आणि सिंधुबाई सुरू व्हायची.

मग तो मोठा दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष कोरडं. गावचे नळ थांबले, मळ्यातल्या विहिरी थांबल्या, डेअरीची बोअर फुसफुस करून बंद पडली. जनावरं छावणीत गेली. माझ्याकडं मात्र पाणी होतं. थोडं होतं, दांडा बराच वेळ मारावा लागे, पण होतं. वस्ती माझ्यावरच जगत होती.

इकडं कूलर धुवायला पाणी नाही, कॅन धुवायला पाणी नाही. एके दिवशी गावचं सगळं दूध नासकं म्हणून परत आलं. बायांनी ते नालीत ओतलं. काही जणी ओतता ओतता रडत होत्या. छावणीत चारा घालून, उन्हातान्हात जाऊन काढलेलं दूध ते.

मोहन आता मोहनराव झालेला, डेअरीचा सगळा व्यवहार तोच बघायचा. त्यानं माझ्या ओट्याजवळ सभा बोलावली.

"हापसा काढायचा, बोअरमधी मोटर सोडायची," तो म्हणाला. "डेअरीला पाणी व्हईल. वस्तीला नळ काढून देतो, दारापुढं. दांडा मारायचं कामच न्हाई."

सिंधुबाई उठली. "मोहन, बाळा, हापशाला माणसाचं बळ लागतं, म्हून पाणी माणसापुरतंच निघतं. मोटर थांबल का? पाणी सरलं तर?"

"मावशी, दूध परत आलं तर तुमचंबी परत येतंय ना?"

ते खरं होतं. सिंधुबाईलाही ते खरं वाटलं. मग तिनं मनकर्णाकडं पाहिलं. "अध्यक्षीणबाई, तुमी सांगा."

मनकर्णा ओट्याच्या कडेला बसलेली. तिची नजर जमिनीवर होती. बोटानं ती मातीत रेघ ओढत होती. मोहन म्हणाला, "आई, हात वर कर, म्हंजी बाकीच्या करतील." तिनं हात वर केला. खाली बघतच केला. मग एकेक करून हात वर गेले. सिंधुबाईचा गेला नाही. पण ती आडवीही आली नाही; घागर उचलून घरी गेली.

मला त्याच दुपारी उपटलं. माझा दांडा कुणी नेला, मला कळलं नाही. मला डेअरीमागं आणून टाकलं, तो मी इथंच आहे.

मोहन खोटं बोलला नव्हता. नळ काढून दिला. काही आठवडे तो छान वाहिला. बाया घरापुढं पाणी भरू लागल्या. पण मोटर दिवसभर चालत होती. डेअरीचा हौद भरायचा, मग कुणाचा तरी मळा, मग कुणाचं तरी बांधकाम. कुणीतरी बटण बंद करायचं राहून जायचं. उन्हाळा अर्धा सरायच्या आत बोअर आटली. त्यासोबत डेअरीही थांबली. जिच्यासाठी पाणी घेतलं तीही वाचली नाही.

मग टँकर. तो डेअरीच्या कोपऱ्याशी थांबायचा, तेवढं मला इथून दिसतं. टँकर आला की सगळं गाव धावायचं. पाइप टाकायला झोंबाझोंबी, शिव्या, फुटलेल्या घागरी. माझ्या ओट्यावर भांडणं व्हायची, पण दांडा एकच असल्यानं नंबर लागायचाच. टँकरला नंबर नसतो. सिंधुबाई त्या गर्दीत पडली. कुणीतरी तिच्या कमरेवरून गेलं. तिला उठता येईना. मनकर्णा घरातून धावत आली, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, "अगं सिंधे, अगं सिंधे," एवढंच म्हणत राहिली. डेअरीच्या रिकाम्या जीपमध्ये घालून तिला अंबाजोगाईला नेलं.

ती काठी घेऊन परत आली. परत आल्यावर पुष्कळ दिवस ती या बाजूला फिरकली नाही. मनकर्णानं अध्यक्षपद सोडलं. पाऊस झाला तेव्हा तिनं मोहनला मला परत बसवायला लावलं. माणसं आधी मोटर काढायला गेली, पण ती खाली गाळात रुतून बसलेली. ओढताना दोर तुटला. बोअर कायमची गेली.

परवा दोघी इथं आल्या. आधी मनकर्णा आली आणि माझ्यापाशी उलट्या कॅनवर बसली. मग काठीचा आवाज आला. सिंधुबाई दुसऱ्या कॅनवर टेकली. 

"तुज्या घरी आलते," मनकर्णा म्हणाली. "सून म्हनली, झोपल्या. तीनदा आलते."

"जागीच व्हते."

मनकर्णानं मान हलवली. "माज्यामुळं तुजी कंबर गेली."

"हात तू एकटीनंच केला व्हय वर? समद्यांनी केला." सिंधुबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. "त्याचा राग न्हाई मला. दूध सांडलेलं मीबी बघितलंय. पर तू माज्याकडं बघितलं न्हाईस, मनकर्णे. मी बघत व्हते. एकदा वर बघून हात केला असतास, तर मी समजले असते."

मनकर्णा पदर तोंडाला लावून रडली. सिंधुबाईनं तिची समजूत काढली नाही. तिथंच बसून मात्र राहिली.

मग सिंधुबाईच म्हणाली, "त्या बोअरचं तोंड उघडंच हाय. पोतं टाकलंय वर. लेकरं खेळतेत तिथं. ग्रामपंचायतीत सांगितलं, सभेत सांगितलं. आता कुणी हसतबी न्हाई."

"मोहनला सांगते."

"त्याला नगं सांगूस. तू ऊठ."

माझ्या शेजारी डेअरीच्या हौदाचं जुनं लोखंडी झाकण पडलं होतं, जड, पत्र्याच्या पट्ट्या मारलेलं. एकीनं एक कड धरली, दुसरीनं दुसरी. उचललं जाईना, म्हणून त्या ते ओढू लागल्या.

वाचणाऱ्यांनो, मला परत उभं करा असं मी म्हणत नाही. माझी जागा गेली. टेम्पोत चढायला मी तयार आहे. पण तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी उपटून टाकलेलं असेल. तिथलं भोक झाकलंय का, तेवढं जाऊन बघा. माणसं नवी सोय आणतात आणि जुन्या सोयीचा खड्डा तसाच उघडा ठेवून निघून जातात.

दोघी कोपऱ्यापर्यंत मला दिसल्या. नंतर नुसता रस्त्यावर झाकण घासल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मला वाटलं, दमल्या, दिलं टाकून. मग सिंधुबाईचा आवाज आला, "धर गं नीट." आणि झाकण पुन्हा घासत पुढं निघालं.