शहाण्णव किलो

चर्चच्या तळघरातल्या व्यायामशाळेचा नियम साधा होता. मंडळीतल्या कुणाच्याही शवपेटीला खांदा द्यायचा तर आधी चाचणी. मयताच्या वजनाइतकी वाळू भरलेली पेटी सहा जणांनी खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारायच्या. ज्याचा कोपरा झुकला, तो बाद. नातं बघायचं नाही. नियम वस्तादांचा. "येशू सुतार होता, तुळया वाहायचा. त्याच्या मंडळीत काडीपैलवान कशाला?" एवढंच त्यांचं धर्मशास्त्र, आणि पाळकसाहेबांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं.

वस्तादांचा एकुलता एक मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा. चाचणीत तो अकरा वेळा नापास झाला होता.

आता वस्तादांना डॉक्टरांनी महिना दिला होता. मुलाला एकच हवं होतं, बापाला खांदा द्यायचा. बाबा दर आठवड्याला दोन किलो उतरत होते. असंच चाललं तर जमेल, असं त्याच्या मनात येई. मग तो गुडघे टेकून क्षमा मागे, आणि उठल्यावर पुन्हा तेच मनात येई.

शेवटच्या चाचणीला वस्ताद स्वतःच पेटीत झोपले. वाळूच्या पोत्याला काय कळतंय कोण झुकतोय ते, म्हणाले. काट्यावर ते अठ्ठेचाळीस भरले होते. मुलाच्या जिवात जीव आला.

"आता वाळू भरा," वस्ताद म्हणाले. "माझं खरं वजन शहाण्णव. मी पुरुषासारखा जाणार."

"बाबा, तिथं कोण तोलून बघतंय?"

"देव."

पाळकसाहेबांनी छताकडे बघितलं. वरून हरकत आली नाही.

पोती रचली, पेटी उचलली. पहिली फेरी निभावली. दुसरीत मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिसरीच्या वळणावर पेटीतून आवाज आला, "डावीकडे मागं कोण आहे?"

"मी, बाबा."

"बदला."

बेकरीवाला आला. त्याने तो कोपरा खांद्यावर घेऊन जांभई दिली.

"मग मी काय करू?" मुलाने विचारलं.

"दार धर. जड आहे, बेताने."

फेरी संपली, पेटी टेकवली, सगळे पाणी प्यायला वर गेले. वस्ताद वाळूत रुतले होते, उठता येईना. मुलाने पोती काढली, खाली हात घातले आणि त्यांना एकट्याने उचललं. बावीस पायऱ्या चढताना त्याला धापसुद्धा लागली नाही.

वस्तादांनी त्याच्या सदऱ्यात तोंड लपवलं.

"खाली ठेव," ते म्हणाले. "कुणी बघेल."