पिशवीभर सुका

भाविकाला एकच घोर लागला होता. शुक्रवारपर्यंत ड्रमचा वास गेला नाही, तर हेडसर तो भंगारात देणार होते. शाळेमागचा तो खताचा निळा ड्रम आठवी ब चा, आणि आठवी ब मध्ये भाविकाचा. डब्यातलं उरलंसुरलं, भाजीची देठं, केळ्यांच्या साली, सगळं तिनेच जमवून टाकलेलं. पण वास असा सुटला होता की पोरं नाक धरून पळत.

"नुसता ओलाच टाकलास गं," मिताली मॅडम म्हणाल्या. "उद्या घरून पिशवीभर सुका आण." सुका म्हणजे सुका कचरा, पालापाचोळा, गवत. शाळेत पूर्ण नाव घ्यायला वेळ कुणाला असतो?

भाविका पळस्प्याला घरी आली आणि क्लासच्या घाईत आईला सांगून मोकळी झाली, "मॅडमनी पिशवीभर सुका मागितलाय. उद्या शालंत आनून दे."

आता आगऱ्याच्या घरात सुका म्हणजे सुका म्हावरा, दुसरं काय? आणि भाविकाची आई शकू काही हात आखडणारी बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने वर्गासमोर पिशवी उघडली. बोंबील, सुकट, वाकट्या.

"चांगला निवडून आनलाय," ती म्हणाली.

अख्खा वर्ग हसून लोळला. मागच्या बाकावरचा माज नावाचा पोरगा डोळे पुसत म्हणाला, "खताला फोडणी कधी द्यायची?" भाविकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला ओळखच दाखवू नये असंही मनात आलं, खोटं कशाला बोला.

चूक कळल्यावर सगळ्यांत मोठ्याने शकूच हसली. मग पदर खोचून ड्रममध्ये वाकली. "पानी झालाय यात. वारा नाय मिलत." नवऱ्याला फोन लावून तिने गोठ्यातला पेंढा मागवला, बारीक करून आत घातला आणि माजच्याच हाती दांडकं देऊन ड्रम खालवर करून घेतला. बोंबील मिताली मॅडमनी मुकाट्याने घरी नेले.

शुक्रवारी शकू पुन्हा ड्रम ढवळत होती, तेवढ्यात हेडसर आले. वाकले, पुन्हा वाकले. भाविकाचा जीव टांगणीला.

"मातीचा वास येतोय," सर म्हणाले. "राहू दे ड्रम. शेजारी आणखी एक ठेवा. पण हे शिकवलं कोणी? या बाई कोण?"

भाविकाने पुढे होऊन आईचा बरबटलेला हात धरला. आनंदाने तिला शाळेतली भाषासुद्धा सुचेना.

"माजी आई हाय, सर."