एकच हायेत

"गोजरबाई, तुम्हाला नवरे किती?"

चनबसप्पा मास्तरांनी वही हातात धरून हा प्रश्न विचारला, तेव्हा महिलांच्या वर्गात मागच्या बाकावरून फिस्सकन हसू फुटलं. गोजर उभी राहिली. तिचे कान तापले होते.

"एकच हायेत की, मास्तर."

"मग हे काय लिहिलंय बघा की. माय हजबंड्स हाउस. शब्द बरोबर, पण ती खूण टाकलीय एसच्या पलीकडे. म्हणजे नवरे अनेक, आणि घर त्या सगळ्यांचं मिळून!"

"लपवून ठिवलं व्हय गं आमच्यापास्नं?" शेजारच्या मायाक्कानं कोपरानं ढोसलं आणि सगळा वर्ग हसला.

मास्तर मात्र हसले नाहीत. पेन्शनीत निघाल्यावर घरी बसवेना म्हणून ते सोलापुरातल्या या वर्गात इंग्रजी शिकवायला येत. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना मॅट्रिकला बसवायचं, असा तो दुपारचा वर्ग. विडीच्या कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, घरी बसून कंटाळलेल्या, अशा सगळ्या तिथं होत्या. मास्तर प्रत्येकीला अहोजाहो करत. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहिला होता: मालक एक असला तर खूण एसच्या आधी, मालक अनेक असले तर एसच्या नंतर. "आधी मालक मोजा, मग खूण टाका," असं ते म्हणाले आणि बायकांनी पदरात तोंडं लपवली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांना घरी गेल्यावर बायकोनं सांगितलं. वर्गातल्या निम्म्या जणींच्या बोलण्यात मालक म्हणजे नवराच होता.

त्या खुणेचं इंग्रजी नाव कुणाच्याच जिभेवर बसेना. दिसायला ती जिऱ्याच्या दाण्यासारखी, म्हणून बायका तिला जिरं म्हणत. "जिरं आदी टाकू का मागनं?" असं एकमेकींना विचारत. स्वयंपाकात ज्यांचा हात कधी चुकला नव्हता, त्यांचं इथं हमखास चुके.

"मोजता येतं ना तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"येतंय की. पन नवऱ्याचं घर म्हनलं तर एकेरी हुतंय, मास्तर. अरेतुरे केल्यावानी. म्हनून मी मनात मालकांचं घर धरलं. 'कां'वर टिंब आलं, म्हनून जिरं मागं टाकलं."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. उभ्या नोकरीत त्यांनी ही चूक पोत्यानं पाहिली होती, पण तिची अशी कैफियत कुणी दिली नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "इंग्रजीत मान देत नाहीत असं नाही. पण या खुणेत मान नसतो. इथं नुसतं मोजतात. राजा असला तरी एक, मेंढ्या राखणारा असला तरी एक. तुमचे मालकही एकच."

"एकच हायेत," गोजर पुन्हा म्हणाली आणि खाली बसली. त्या 'हायेत'चं काय करावं ते मास्तरांनाही सुचलं नाही.

हे मालक म्हणजे माळशिरसकडचे मानसिंग. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही म्हणून त्यांनी दुसरी बायको आणली, विजयमाला. आणली त्या दिवशी गोजरनंच तिला ओवाळलं. पुढं गोजरचं अंथरूण माजघरातून पडवीत गेलं आणि पडवीतून गोठ्याकडं. मग एका सकाळी ती बोचकं घेऊन सोलापूरला आईकडं आली. तिला न्यायला कुणी आलं नाही.

आई, बजाबाई, स्टेशनजवळच्या एका खानावळीत भाकरी थापायची. कडक भाकरीला तिथं गिऱ्हाईक फार. तव्याची धग खाऊन तिच्या बोटांची टोकं इतकी घट्ट झाली होती की सुई टोचलेली तिला कळत नसे. गोजरला बालवाडीत मदतनीस म्हणून लागता आलं ते बजाबाईनं दहा उंबरे झिजवले म्हणून. मॅट्रिक झाली तर तिला बाई म्हणून स्वतःचा वर्ग मिळणार होता. मागच्या खेपेला इंग्रजीत गेली. आता ही शेवटची खेप, कारण यंदा मॅट्रिक नसलेल्यांना काढायचं चाललं होतं.

घरात नवऱ्याचा विषय निघाला की गोजर अजून 'ते' म्हणायची. बजाबाईचं डोकं फिरायचं. "ते म्हनं! घरातनं भायेर काडलं, त्येला ते म्हनती!" पण गोजरला दुसरा शब्द येतच नव्हता.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मानसिंग दारात उभा राहिला. बसायला सांगायच्या आधीच बाजेवर बसला. पाणी प्याला, चहा प्याला, आणि मग म्हणाला, "विजयमालेला दिवस गेल्यात. माज्या आईनं हातरूण धरलंय. घरात बाईमानूस पायजे. उद्याच्या सांजच्या यस्टीनं निघू."

"उद्या माजा इंग्रजीचा पेपर हाय."

"दे की. पेपर दिऊन चल. मी काय नगं म्हनतो व्हय?" उपकार केल्यासारखा तो हसला. "न्हायतरी आईच्या जिवावर किती दीस काडनार?"

गोजर "बरं" म्हणाली. त्याच्यापुढं तिच्या तोंडून आजवर बरंशिवाय काही निघालं नव्हतं. तो मुक्कामाला पाहुण्यांकडं गेला. सकाळी बजाबाईनं लेकीच्या हातावर दही घातलं आणि पाठीवरून ती खरबरीत बोटं फिरवली.

पेपरात आपल्या कुटुंबावर काही वाक्यं लिहायची होती. आईबद्दलची वाक्यं गोजरनं भराभर लिहिली. आईच्या पुढं जिरं टाकताना तिचं कधीच चुकत नसे, कारण आईला आपल्याकडं एकेरीच म्हणायची रीत. मग नवऱ्याचं घर आलं आणि पेन थांबलं. आधी मालक मोजा. तिनं मोजला. एक. तिनं एसच्या आधी जिरं टाकलं आणि त्या शब्दाकडं बघत राहिली. आता कुणीतरी रागावेल असं तिला वाटलं. पण वर्गात पंखा फिरत होता, मायाक्का पुढच्या बाकावर मान खाली घालून लिहीत होती, आणि कुणी कुणाला काही म्हणालं नाही. नवरा तेवढाच होता. एक. तिला एकदम फार हलकं वाटलं आणि तेवढंच रडू आलं. डोळे पुसून तिनं पुढचं वाक्य घेतलं.

घरी आली तेव्हा मानसिंग पायात वहाणा घालून बाजेवर बसला होता. कोपऱ्यात तिचं बोचकं बांधून ठेवलेलं. ते आईनंच बांधलं होतं हे तिच्या गाठीवरून कळत होतं. बजाबाई चुलीपुढं पाठ करून भाकरी थापत होती.

"आटप," मानसिंग म्हणाला.

"मी येत न्हाय."

"काय म्हनलीस?"

"येत न्हाय म्हनलं. तू जा."

बजाबाईचा हात भाकरीवरच थांबला. मानसिंगनं चक्क मागं वळून पाहिलं, मागं दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

"कुनाला तू म्हनतीस?"

"तुलाच की. हितं तू एकटाच हाईस."

हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. राग आला असता तर मानसिंगला भांडता तरी आलं असतं. तो बाजेवरून उठला. मग "शिकून जीब लांब झाली तुजी. पुन्ना माज्या दारात पाय ठिऊ नगंस," असं काहीबाही पुटपुटत निघून गेला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्या वहाणा ऐकू येत राहिल्या.

तव्यावरची भाकरी करपली होती. बजाबाईनं ती उचलून नेहमीसारखी स्वतःच्या ताटात टाकली. गोजरनं ती काढून घेतली, चांगली भाकरी वाढली, चटणी वाढली, वर तेल घातलं आणि भिंतीशी पाट मांडला.

"आई, तुमी बसा आदी. मी वाडते."

बजाबाई दचकलीच. "मला गं का तुमी? मी काय पावनी हाय व्हय?"

गोजरनं पाण्याचा तांब्या भरून पाटाशी ठेवला. "बसा की," एवढंच ती म्हणाली.

बजाबाई बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाय आवरून घेतले, आणि परक्याच्या पंगतीत बसल्यासारखी अवघडून, मान खाली घालून हळूहळू जेवू लागली.