सातवी खुंटी

आमच्या दुकानात कॉम्प्युटरला कुठलं कॅबिनेट शोभेल हे दादा ठरवतो आणि त्याच्या आत जे बिघडतं ते मी दुरुस्त करते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. काच, दिवे, पंखे असा थाट दिसला की तो विरघळतो. छापखानेवाल्या मावशींच्या कॉम्प्युटरचा गंजका डबा पाहून तर त्याने नाकच मुरडलं आणि काचेच्या भिंतीचं कॅबिनेट त्यांच्या गळ्यात मारलं. जुना मदरबोर्ड त्यात बसवायला मला सांगायचं, तर ते नाही. स्वतःच बसवला. बटण दाबताच चट्कन आवाज झाला, जळका वास सुटला आणि सगळं ठप्प.

मावशींचा चेहरा उतरला. त्यांचं पाकिटं कापायचं यंत्र एका लांबलचक कार्डावर चालतं आणि ते कार्ड ज्या खाचेत बसतं, ती खाच आताच्या बोर्डांना नसतेच. बोर्ड गेला तर यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की छापखान्याला टाळं.

"बोर्ड म्हातारा होता, मावशी," दादा म्हणाला. "त्याची वेळ भरली होती."

"अरे, सकाळीच त्यावर दोनशे पाकिटं कापून आलेय मी."

"मग काय, दुपारी एकदम म्हातारा झाला?" मी दादाला विचारलं आणि बोर्ड उचलून माझ्या टेबलावर नेला. माझं डोकं फिरलं होतं.

बोर्ड उलटा केला. मागे मसुराएवढा काळा डाग. मग कॅबिनेटमध्ये डोकावले. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली पितळी खुंट्या लावतात आणि प्रत्येक खुंटीवर बोर्डाचं एक भोक यावं लागतं. बोर्डाला भोकं सहा. खुंट्या सात. सातवी कारखान्यातूनच लागून आली होती आणि ती थेट बोर्डाच्या पोटात टोचत होती. नवखा माणूस घाबरून दहादा मोजतो. ही चूक दिवसाला चार कॅबिनेट भरणाऱ्याचीच होते.

मी त्या खुंटीकडे बोट दाखवलं. दादाने खुंट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि पक्कड उचलली.

डागाखालची तांब्याची रेघ जळून तुटली होती. भिंगाखाली काजळी खरवडली, दोन्ही टोकं चकचकीत केली आणि केसाएवढी तार सोल्डरने जोडायला घेतली. तार निसटली. पुन्हा निसटली. मावशी मागे श्वास रोखून उभ्या होत्या.

"मावशी, श्वास घ्या. नाहीतर मला बोर्ड सोडून तुमच्याकडे बघावं लागेल."

तिसऱ्यांदा तार बसली. मीटर लावून पाहिला, कुठे शॉर्ट सर्किट नव्हतं. तोवर दादाने सातवी खुंटी काढून टाकली होती. बोर्ड बसवला, कार्ड खाचेत दाबलं आणि मावशींना म्हटलं, "बटण तुम्हीच दाबा."

पंखा फिरला. पडदा काळाच. मग आतून एक बारीकशी 'टूं' आली. सगळं ठीक आहे हे सांगायला जुन्या बोर्डाकडे एवढाच शब्द असतो. पडद्यावर अक्षरं उमटली. मी आनंदाने टेबलावर अशी थाप मारली की वाटीतले सगळे स्क्रू जमिनीवर सांडले.

मावशी दादाचे आभार मानायला वळल्या. त्याने हात वर केला.

"माझे नको, मावशी. बोर्ड मी जाळला. वाचवला हिने."

दुकानाच्या सोळा वर्षांत गिऱ्हाइकासमोर दादाच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. मी बराच वेळ खाली बसून स्क्रू वेचत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला त्याला दाखवायचे नव्हते.