नव्याण्णव अंश

अंडी उबवायची पेटी माझ्या बायकोची. तिने त्यात बारा अंडी ठेवली आणि सहाव्या दिवशी ती गेली. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. झाकणावर तिने खडूने लिहिलं होतं, ‘नव्याण्णववर ठेवायचं’. तिच्या हातचं अर्धवट राहिलेलं तेवढंच काम, म्हणून मी ते जिवापाड सांभाळत होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी अंडी फिरवताना आतला तापमापक माझ्या हातून फुटला. धावत जाऊन नवा आणला. लावून पाहिला तर सदतीस! बटण वाढवलं. एकोणचाळीस. आणखी वाढवलं. एक्केचाळीसच्या पुढे आकडा सरकेना. पेटी हाताला चांगली गरम लागत होती, पण आकड्यापुढे हाताचं कोण ऐकतो?

तेवढ्यात मेव्हणी आली.

“भाऊजी, पेटीत स्वयंपाक चाललाय का?”

“गार पडलीत गं अंडी. काही केल्या चढत नाही.”

ती वाकली, चष्मा वर सरकवून वाचू लागली. “अहो, हा सेल्सिअसचा आहे. ताईचा फॅरनहाइटचा होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे यात पाणी शंभरला उकळतं. नव्याण्णव गाठलं असतंत, तर आपण मीठ लावून खायला बसलो असतो.”

ती हसली नाही. मीही नाही.

“मग किती हवं?”

“साडेसदतीस. ताईचं नव्याण्णव म्हणजे जवळजवळ तेवढंच. किती वेळ असं तापवलंत?”

“तासभर. जास्तच असेल.”

तिने झाकण उघडलं, मी बटण खाली आणलं. मग खिडक्या लावून, डोक्यावर चादर घेऊन आम्ही एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आतलं पिल्लू जिवंत असेल तर काळी सावली हलते. पहिल्यात काही हललं नाही. दुसऱ्यातही नाही. माझा हात इतका थरथरत होता की तिने अंडं काढून घेतलं.

“दम धरा. तुम्हीच हलताय, त्याचं कसं कळणार?”

तिसऱ्यात सावली सरकली.

शेवटी सातांत हालचाल दिसली. मेव्हणी उरलेली पाच बाजूला काढू लागली. नासली तर वास सुटेल, म्हणाली.

“उद्या परत बघू,” मी म्हणालो आणि बाराही जागेवर मांडली.

आकडा साडेसदतीसवर थांबला, तरी मी स्टुलावरून उठलो नाही.